शून्य म्हणजे मोकळी तार

सॅवियो मस्कतला गेला तेव्हा
साडेचार हजारांत मला देऊन गेला त्याची बास.
कॅम्पातून वडगावला रिक्षात आणली,
तिची मान बाहेर, माझा हात तिच्या गळ्यात.
गोवावेसला पोलिसानं विचारलं, सतार काय गं?
मी हो म्हटलं.

आता चौकटीच्या वहीत चार रेघा ओढते
आणि रेघांवर आकडे उतरवून घेते.
तीन म्हणजे तिसऱ्या फ्रेटमागं बोट.
पाच म्हणजे पाचव्या.
शून्य आलं की मी हात उचलायची,
काही नाही म्हणजे काही नाही, असं समजून.
चार दिवसांनी कळलं, शून्य म्हणजे मोकळी तार.
तीच सगळ्यात लांब घुमते.

आणि कागद उलटा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं.
जाड तार माझ्या हनुवटीकडची,
कागदावर ती सगळ्यात खाली.
दोन आठवडे मी अख्खं गाणं पालथं वाजवलं,
जीव तोडून.
पंक आहे, मला वाटलं असंच असेल.

गाणं दोन मिनिटं सात सेकंदांचं.
गाणारा काय ओरडतो ते कळत नाही,
कुणावर ओरडतो ते कळतं.

माग चालू असले की ॲम्प चालतो,
पण सहा मागांच्या खडखडाटात
माझं मलाच ऐकू येत नाही.
मंगळवारी हेस्कॉमवाले लाइट काढतात.
गल्ली गप्प. ॲम्पही गप्प.
मग मी बासच्या शिंगाला जबडा टेकते
आणि वाजवते.
गाणं लाकडातून दातांत येतं,
दातांतून कानामागं.
बाहेर काहीच नाही,
नुसती तारेवर नख घासल्याची खरखर.
समोरची यल्लव्वा उंबऱ्यावर मिरच्या निवडत बघते:
पोरगी गाल धरून बसलीय.
दाढ दुखते म्हणून लवंगा आणून देते.
मी खाते.

कागद सांगतो, कुठं.
किती वेळ ते सांगत नाही.
दोन आकड्यांमधल्या कोऱ्या जागेला माप नाही.
सॅवियोला विचारलं तर मस्कतहून त्याचा आवाज येतो,
मागं कुठलातरी कॉम्प्रेसर धडधडतोय:
नुसतं मेज गो, मेज.
मी धोटा मोजते.
गेला, आला, गेला, आला,
एका आकड्यावर आठ खेपा.
बोटाला फोड आली, फुटली,
खाली कातडं निबर झालं,
आईचं सुताच्या गाठी मारून झालंय तसं.

रविवारी वही सुताच्या पेटीवर उघडी राहिली.
आप्पांनी चष्मा खाली ओढला.
अडतीस वर्षं जकार्टचे पत्ते ठोकणारा माणूस.
पहिल्या रेघेवरून बोट फिरवत चौथीला आले,
पान उलटलं, परत मागं गेले.
"कुणाचा काठ गं हा?"
"काठ नव्हे. गाणं."
"असू दे की. तिसऱ्या फेरीत चुकलीस बग.
हितं पाच पायजे, तीन घातलीस.
नक्षी मोडायली."

मी मूळ कागद काढून बघितला.
तीनच होता.
"थांबा," म्हटलं, "ऐका."
आप्पांनी उठून स्वतः बटण काढलं.
सहा माग एकामागं एक दम टाकत थांबले,
भर दुपारी, लाइट असताना.
ॲम्पची गुणगुण पहिल्यांदाच शेडमध्ये ऐकू आली.
आधी पाच वाजवला, आप्पांचा.
नीट बसला.
मग तीन.
अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी,
पाय हवेत जावा,
तसं.

"मुद्दाम मोडलीय?"
"होय."
आप्पा बासकडं बघत राहिले.
मग वहीकडं. मग परत तिसऱ्या फेरीकडं.
"आणि गिऱ्हाईक परत करत नाही?"

मला उत्तर आलं नाही.
त्यांनीही वाट बघितली नाही,
बटण टाकलं,
धोटे सुटले.
मी त्याच खडखडाटात सुरुवातीपासून घेतलं,
तिसऱ्या फेरीला तीन,
जबडा लाकडाला टेकून,
आणि दारातून यल्लव्वा हातवारे करत ओरडून विचारत होती
दाढेचं.